विकास आराखड्याची फेरआखणी: हरकतींची मुदत सुरू होण्याआधी आपण काय करू शकतो?

पिंपळपार
नमस्कार. थोडं लांबेल, पण वाचा.

आमच्या शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे घरं, कुठे मैदान हे ठरवणारा नकाशा, सुधारायचं काम सुरू झालंय. इराद्याची नोटीस पेपरात आली होती, निविदांच्या जाहिरातींच्या मधे, बारीक अक्षरांत. शेजारच्या काकांनी कात्रण जपून ठेवलं म्हणून मला कळलं. मागचा आराखडा झाला तेव्हा मी शाळेत होते. त्यात आमच्या गल्लीमागे खेळाचं मैदान दाखवलेलं आहे. आज तिथे पत्र्याची गोदामं आहेत आणि पोरं रस्त्यावर, गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात.

मागच्या वेळच्या हरकतींची यादी मी माहितीच्या अधिकारात मागवली. आमच्या गल्लीतून एकही अर्ज गेलेला नाही. लोकांना आराखडा आवडला होता असं नाही, कुणाला माहीतच नव्हतं.

प्रारूप आराखडा जाहीर झाला की महिना-दोन महिने हरकती-सूचना घेतात. पण तोवर रेषा मारून झालेल्या असतात. मग ज्याच्या घरावरून रेषा गेली तो धावत जातो आणि बाकीचे घरी बसतात. मला त्याच्या आधी काहीतरी करायचंय. तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? लोक कसे जमवलेत? उपयोग झाला का?

तिसरा_मजला
वाचतेय. आमच्याकडेही पुढच्या वर्षी हेच येणार आहे.

आवक_जावक
पिंपळपारताई, मी नगररचना विभागात आरेखक होतो, आता निवृत्त. ट्रेसिंग क्लॉथवर शाईने नकाशे काढणाऱ्या शेवटच्या पिढीतला. तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. कलम ३८ प्रमाणे २० वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा असतो. कलम २३ म्हणजे इरादा जाहीर करणं, तुमच्याकडे तेच झालंय. त्यानंतर कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होतं, म्हणजे आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा आणि हरकती, कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी, मग तो सरकारकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजुरी.

लोक कलम २६ ला जागे होतात. खरी मेख कलम २५ मध्ये आहे. सर्वेक्षणाच्या नकाशात जे आलं नाही ते पुढे कुणाच्याच हिशेबात येत नाही. ओढा नकाशात नसेल तर त्यावर पिवळा रंग, म्हणजे घरांसाठीच्या जमिनीचा रंग, भरला जातो. रंग भरणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतं, त्याच्या टेबलावर ओढा पोचलेलाच नसतो. मी स्वतः असे रंग भरलेत. नंतर त्या भागात गेलो आणि खाली पाणी वाहताना पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा सर्वेक्षण चालू असतानाच जा. नकाशा बघायला मागा. चुका दाखवा.

कंपास_बॉक्स
आवक_जावक यांच्याशी १००% सहमत. मुंबईचा २०३४ चा आराखडा आठवा. जमीन वापराच्या नकाशातच चुका होत्या, नागरिकांनी आणि संस्थांनी त्या आधीच दाखवायला सुरुवात केली होती. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं ते चुकांसकट. वारसा वास्तू गायब, रस्त्यांच्या रेषा भलतीकडून गेलेल्या. हजारोंनी हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी सगळं दुरुस्त करून आणायला सांगितलं. सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडला आणि मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. सुरुवातीलाच नीट ऐकलं असतं तर हा वेळ वाचला असता.

सात_बारा
माझं म्हणणं पटणार नाही, पण मांडतो.

मैदान हवं, बाग हवी, हे सगळे म्हणतात. जमीन कुणाची, ते कुणी विचारत नाही. आमच्या २२ गुंठ्यांवर जुन्या आराखड्यात मैदानासाठी आरक्षण पडलं. पालिकेने जागा घेतली नाही, पैसे दिले नाहीत आणि आम्हाला बांधूही दिलं नाही. वडील दर वर्षी चकरा मारायचे, 'निधी नाही' हे उत्तर घेऊन परत यायचे. बहिणीच्या लग्नाच्या वेळी त्या जमिनीवर कर्जही मिळालं नाही. वडील गेले तेव्हा सातबाऱ्याच्या फाइलीत त्यांच्या ३१ अर्जांच्या पोचपावत्या निघाल्या.

शेवटी आम्ही कलम १२७ खाली खरेदी सूचना दिली. १० वर्षांत जागा घेतली नाही तर अशी सूचना देता येते, आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण सुटतं. आमचं सुटलं. आता तिथे इमारत आहे आणि शेजारचे लोक मला 'मैदान गिळणारा' म्हणतात. पिंपळपारताई, तुमच्या गोदामवाल्याचीही अशीच एखादी फाइल असेल. त्याला आधी भेटा.

पिंपळपार
सात_बारा, मनापासून आभार. मी त्या मालकांना आजवर एकदाही भेटले नाहीये, हे तुमचं वाचून लक्षात आलं. या आठवड्यात भेटते.

भटकभवानी
सुनावणीचा माझा अनुभव सांगते, म्हणजे आधीच काम करणं का गरजेचं आहे ते कळेल.

आमच्याकडे सोसायटीच्या मधून १२ मीटरचा रस्ता टाकला होता. आम्ही हरकत घेतली. सुनावणीची चिठ्ठी आली: सकाळी ११. हॉलमध्ये शेकडो लोक, खुर्च्या पन्नास. माझा नंबर साडेचारला लागला. समोर लांब टेबल, पलीकडे समितीची माणसं, सकाळपासून ऐकून ऐकून थकलेली. मी नकाशा उलगडेपर्यंत एक जण म्हणाले, "लेखी दिलंय ना? मग ठीक आहे, पुढचे." बाहेर आले आणि घड्याळ बघितलं, दोन मिनिटंही झाली नव्हती.

माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी घराचा नकाशा शाळेच्या वहीच्या पानावर स्वतः काढून आणला होता, तुळशीवृंदावनासकट. त्यांचा कागद घेतला, शिक्का मारला, झालं. समितीतल्या लोकांना मी दोष देत नाही. एका दिवसात इतक्या लोकांचं म्हणणं ऐकणं माणसाला शक्य नाही. पण आजी तिथून हलत नव्हत्या. "त्यांनी बघितलं का पण?" असं शिपायाला विचारत होत्या.

तिसरा_मजला
भटकभवानी, आजींच्या घराचं पुढे काय झालं?

भटकभवानी
रस्ता ९ मीटरचा झाला. आजींचं घर वाचलं, आमची सोसायटीची भिंत गेली. आजींच्या वहीच्या पानामुळे झालं का, ते मला कधीच कळलं नाही. कुठलं म्हणणं का मान्य केलं आणि कुठलं का नाकारलं, याचं उत्तर प्रत्येक अर्जदाराला घरी लेखी मिळायला हवं. मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

रातराणी
गंभीर चर्चेत जरा हलकं. विकास आराखड्याला इंग्रजीत 'डीपी' (डेव्हलपमेंट प्लॅन) म्हणतात ना. मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "आपला डीपी बदलतोय, सर्वांनी बघा आणि मत द्या." अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि एका मावशींनी लिहिलं, "छान आलाय फोटो, पण जुना जास्त बरा होता."

कंपास_बॉक्स
😄 मावशींचं मत सूचनांमध्ये नोंदवायला हवं!
पण यातून एक शिकण्यासारखं आहे. 'विकास आराखडा', 'जमीन वापर', 'विद्यमान' हे शब्द वाचून लोक पुढे सरकतात. 'तुमच्या घरापुढचा रस्ता किती रुंद होणार?' असं लिहा, लगेच फोन येतात.

पाटीपेन्सिल
मी शिक्षिका आहे. आम्ही आठवीच्या मुलांकडून केलेला प्रयोग सांगते, पिंपळपारला उपयोगी पडेल.

प्रभागाचा नकाशा मोठा करून त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक गटाला एकेक तुकडा, पेन्सिल आणि मोजपट्टी दिली. काम एवढंच: नकाशात आहे आणि जागेवर नाही त्यावर फुली, जागेवर आहे आणि नकाशात नाही त्यावर गोल. दोन शनिवार लागले. मुलांनी ७ विहिरी शोधल्या, त्यातल्या फक्त २ नकाशात होत्या. एक विहीर तर शाळेच्याच मागे, लोखंडी जाळीखाली. मी अठरा वर्षं तिथे शिकवतेय, मला माहीत नव्हती. आमचं शाळेचं मैदान 'मोकळी जमीन' म्हणून दाखवलं होतं. एका मुलीने त्यावर गोल केला आणि आत लिहिलं: 'मोकळी नाही. आम्ही असतो.'

ते तुकडे जोडून आम्ही कार्यालयात नेले. तिथल्या अभियंत्यांनी मुलांना बसवून घेतलं, संगणकावर त्यांच्यासमोर विहिरी टाकल्या. तो अर्धा तास मुलं विसरणार नाहीत.

आवक_जावक
पाटीपेन्सिल, हे वाचून आज दिवस सार्थकी लागला. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांनी किती मैदानं गेली असतील!

दक्षिणद्वार
सगळं छान आहे, पण मला आशा नाही आणि ती का नाही तेही सांगतो. महापालिका आराखडा करते, सरकार मंजूर करतं, आणि मंजूर करताना बदलू शकतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा बघा. प्रारूप २०१३ मध्ये आलं, हरकतींचा डोंगर जमला, सुनावण्या झाल्या. २०१५ मध्ये सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला, त्रिसदस्यीय समिती नेमली आणि २०१७ मध्ये मंजूर केला. लोक बोलले कुणापुढे आणि ठरवलं कुणी? त्यात २०२२ पासून तर कितीतरी महापालिकांवर प्रशासक होते. कलम २८ च्या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य असायला हवेत. निवडून आलेली माणसंच नसतील तर लोकांनी धरायचं कुणाला?

डोंगरउतार
दक्षिणद्वार, पुण्याचंच दुसरं उदाहरण देतो. १९९७ मध्ये महापालिकेत २३ गावं आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, साडेनऊशे हेक्टरांहून जास्त. ते काढायचे प्रयत्न वर्षानुवर्षं झाले. लोक सह्या गोळा करत राहिले, टेकडीवर फिरायला येणारे निवृत्त लोक, झाडांचे अभ्यासक, कॉलेजची मुलं. २०१५ मध्ये सरकारने ते आरक्षण कायम ठेवलं. त्या सह्या नसत्या तर आज त्या उतारांवर काय दिसलं असतं?

सात_बारा
टेकड्या राहायला हव्यात, मलाही वाटतं. पण त्याच टेकड्यांच्या मालकांच्या मोबदल्याचा प्रश्न किती वर्षं भिजत पडला तेही लिहा. आरक्षण राखलं म्हणून टाळ्या आणि मालक कोर्टात, असं किती दिवस चालणार? पर्याय आहेत. नगररचना योजना घ्या. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बाग काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला आकार नीट करून परत द्यायची. कुणा एकाच्याच माथी आरक्षण येत नाही. याचा कायदा मुंबई प्रांतात १९१५ सालीच झाला होता, म्हणजे कल्पना काही नवी नाही.

आवक_जावक
दक्षिणद्वार यांचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण एक लक्षात घ्या. सरकारला मंजुरीच्या वेळी महत्त्वाचे बदल करायचे असतील तर त्या भागापुरती पुन्हा नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्याला 'वगळलेला भाग' म्हणतात. तिथे लोक अजिबात फिरकत नाहीत, कारण त्यांना वाटतं आराखडा झाला.

आणि मंजुरीनंतर कलम ३७ असतं. आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलता केलेले फेरबदल. एक आरक्षण इकडे, एक रस्ता तिकडे. प्रत्येकाची जाहिरात पेपरात येते आणि महिनाभर हरकती घेतात. वीस वर्षांत असे फेरबदल साठत जातात आणि आराखडा ओळखू येईनासा होतो. तुमच्या गल्लीत कलम ३७ च्या जाहिरातींची कात्रणं कापणारा एक माणूस हवा. पिंपळपारताईंचे ते काका आहेत ना, तसे.

उंबरठा
मी व्हीलचेअर वापरते. इथे अजून एक गोष्ट आली नाही ती लिहिते.

या बैठकांना येतं कोण? घरमालक, सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त लोक. भाडेकरू येत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपला काय संबंध. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी येत नाहीत, कारण बैठक संध्याकाळी सहाला असते. मी येत नाही, कारण ती पहिल्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नसते. फेरीवाले येत नाहीत, कारण बैठकीचा विषयच 'अतिक्रमण' असा छापलेला असतो. खरं तर पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, त्यातल्या शहर समितीत किमान ४०% प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. नागरिकांनी स्वतः भरवलेल्या बैठकीत मात्र मी एकही विक्रेता पाहिलेला नाही.

पिंपळपार, तुझी पहिली बैठक तळमजल्यावर घे. रविवारी सकाळी घे.

पिंपळपार
उंबरठाताई, नक्की. आमच्या इथे दत्ताच्या देवळापुढे मोठा पार आहे, पायरी नाही. तिथेच घेते.

रातराणी
माझी मावशी केरळात असते. तिथे १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम झाली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला होता. मावशी सांगते, पैसे खरोखर आपल्या हातात येणार हे दिसल्यावर ग्रामसभेत बसायला जागा पुरेना. आपल्याकडे पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं मागवतात. बाक, पदपथ, दिवे. छोटं वाटेल, पण आपण लिहिलेला बाक खरंच आला की माणूस पुढच्या वेळी मैदान मागायला जातो.

दक्षिणद्वार
बाकावर माझा आक्षेप नाही. बाकावर समाधान मानण्यावर आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. ३ लाखांवर वस्ती असेल तिथे प्रभाग समित्या असाव्यात असं संविधानात आहे. त्यांच्याकडे आराखड्याचा प्रभागापुरता भाग आधी का येत नाही? ते मागा.

नदीकाठ
धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घराच्या भिंतीवर आजोबांनी प्रत्येक पुराची खूण केलीय, कोळशाने, बाजूला साल. रंग देताना तेवढी पट्टी आम्ही सोडतो. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा असते ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मागच्या वेळी प्रारूप नकाशात निळी रेषा आमच्या घराच्या खाली होती आणि आजोबांची खूण माझ्या खांद्याला लागते. मी भिंतीचा फोटो काढला, शेजारी मोजपट्टी धरून, आणि हरकतीला जोडला. आणखी चार घरांत अशा खुणा निघाल्या, त्यांचेही जोडले. नंतर रेषा पुन्हा तपासायला माणसं आली. भिंतीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाहीत.

आवक_जावक
नदीकाठ यांनी केलं तसंच करायचं असतं. 'आमच्या भागावर अन्याय झाला' असे अर्ज मी हजारोंनी पाहिलेत, त्यांचं काही करता येत नाही. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर लिहा, नकाशाच्या कुठल्या तुकड्यात आहे ते लिहा, फोटो लावा, एका अर्जात एकच मुद्दा ठेवा. शेवटी 'याऐवजी असं करावं' हे एक वाक्य हवंच. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रतींपेक्षा वीस घरांचे वीस वेगळे अर्ज जास्त वाचले जातात, हे टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय.

पिंपळपार
तीन आठवड्यांनी परत आले, सांगायचं बरंच आहे.

पारावरच्या बैठकीला चाळीसेक लोक आले. भाजीवाल्या दोन ताई होत्या, त्यांनीच सांगितलं की सकाळी शाळेच्या फाटकापुढे रिक्षा कुठे अडतात. पाटीपेन्सिलच्या पद्धतीने फुल्या आणि गोल केले. गल्लीमागचा नाला नकाशात जवळजवळ ३० पावलं सरकलेला निघाला. दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, नकाशात अजून आहे. सगळं लिहून नगररचना कार्यालयात दिलं, पोच घेतली. सर्वेक्षण अजून संपलेलं नाही, त्यामुळे दुरुस्ती होऊ शकते असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

आणि मी गोदामाच्या मालकांना भेटले. सात_बारा, तुम्ही म्हणालात तसंच. पिशवीभर कागद बाहेर काढले त्यांनी. त्यांना जागा विकायची आहे, मैदानाला द्यायलाही तयार आहेत, पण मोबदला ठरवून, लेखी. दुसऱ्या बैठकीला ते आले. सुरुवातीला लोक गप्प बसले. मग शेजारच्या काकांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. अर्धी जागा मैदानाला आणि अर्ध्या जागेवर त्यांना बांधकाम, अशी सूचना आम्ही आणि ते मिळून देऊ शकतो का, यावर आता बोलणं चाललंय. काही जणांना संपूर्ण मैदानच हवंय, ते चिडलेत. त्यांचंही चुकत नाही.

सात_बारा
अशी संयुक्त सूचना देता येते. विकास हक्क हस्तांतराचा, म्हणजे दिलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायच्या हक्काचा, हिशेब आधी करून घ्या, नाहीतर मालक नंतर मागे फिरेल आणि त्यात त्याचा दोष नसेल. आमच्या फाइलीतले कागद कामाला येतील. स्कॅन करून ठेवतो. रविवारी कितीला जमता पारावर?

पिंपळपार
सकाळी साडेआठ. नकाशा आम्ही आणतो.